गुडघ्यातली फट

शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९८६. सकाळी साडेनऊला मी डार्करूममध्ये हायपोची टाकी रिकामी करत होते. हायपो म्हणजे फिल्म पक्की करणारं द्रावण. ते जुनं झालं की फिल्म पिवळट राहते आणि मग आमचे डॉक्टर विचारतात, "बाई, कावीळ पेशंटला झाली की फिल्मला?" म्हणून दर पंधरा दिवसांनी टाकी मी स्वतः घासते. कोपरापर्यंत हात ओले, नाकात आंबट वास, आणि बाहेरून डॉक्टरांची हाक आली, "बाई! ते राहू द्या. आधी इकडे या. चमत्कार बघा."

चमत्कार म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. मी आधी टाकी धुऊन पालथी घातली आणि मग बाहेर आले.

मी पांढुर्ण्याच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. राहते सौंसरला. नवरा तिथल्या शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे जाणं-येणं बसने. शिक्षण नागपूरला झालं, तेही लग्नानंतर. इकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, 'फोटो' म्हणतात, आणि मी 'फोटोवाल्या बाई'. गोटमारीच्या, म्हणजे इथल्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे फिल्म पुरत नाहीत. संत्र्याच्या हंगामात झाडावरून पडलेले येतात. बाकी वर्षभर खोकला आणि गुडघे.

संशयी मी जन्मतः नाही, या कामानं झाले. बोरगावचे एक आजोबा दर दोन महिन्यांनी पाठीचा फोटो काढायला यायचे. औषध नको, फक्त फोटो हवा. "फोटो काढला का मले मोकळं वाटते," म्हणायचे. एकाच माणसावर उगाच किती वेळा किरण सोडायचे? एकदा मी त्यांना टेबलावर झोपवलं, "श्वास धरा" म्हटलं, यंत्राचा पंखा फिरवला आणि बटण दाबलंच नाही. आजोबा उठले, कंबर वाकवून बघितली आणि म्हणाले, "आजचा तर लय भारी लागला." तेव्हापासून कोणी 'बरं वाटतं' म्हटलं की मी मान डोलावते आणि विश्वास ठेवत नाही. सौंसरच्या बाजारात एक जण गुडघ्याची पुडी विकायचा. तिनेही लोकांना बरं वाटायचं. महिन्याभरात त्यांचे चेहरे पुरीसारखे फुगायचे, कारण पुडीत स्टेरॉइड कुटलेलं असायचं.

तर, चमत्कार. दिव्याच्या डब्यावर दोन फिल्म लावल्या होत्या. समोरच्या बाकावर गिरजाबाई बसल्या होत्या.

गिरजाबाई सावरगावच्या. पन्नाशी ओलांडलेली. स्टेशनाकडच्या एका वखारीत संत्री निवडणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. हंगामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकिडवं बसायचं, ढिगातून संत्री उचलायची, नजरेने लहान-मोठी वेगळी करायची आणि भाताच्या तणसात पेटीबंद करायची. तीस वर्षं हे केल्यावर दोन्ही गुडघे आतल्या बाजूने झिजले आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले. नागपूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये तपासून सांगितलं होतं की गुडघ्याखालचं हाड वरच्या अंगाला कापून पाय सरळ करावा लागेल. मग भार न झिजलेल्या बाहेरच्या बाजूवर येतो. पण हे वेळेत व्हायला हवं. बाहेरची बाजूही झिजली तर कापून उपयोग नाही. तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली होती.

गिरजाबाईंना ती नकोच होती. पाय प्लास्टरमध्ये घालून भर हंगामात घरी बसलं की वखारीत मुकादम म्हणून दुसरी कोणी बसणार. आणि एकदा बसली की उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या स्वतः तशाच बसल्या होत्या.

जुलैमध्ये आमच्याकडे एक नवीन इंजेक्शन आलं. ते समजायचं तर गुडघा समजायला हवा. दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते. ती झिजत जाते आणि हाडावर हाड घासतं. दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत, पण त्या गादीला काही करत नाहीत. या इंजेक्शनबद्दल मात्र म्हणणं असं होतं की ते गादीलाच पोसतं, झीज मंदावते, कदाचित थांबतेही. आठवड्याला दोन, असा तीन महिन्यांचा कोर्स, आणि सहा महिन्यांनी पुन्हा.

ते घेऊन आले होते कंपनीचे प्रतिनिधी मिश्राजी. जबलपूरचे, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं की औषध प्राण्यांच्या कूर्चेपासून काढलेलं आहे. कोणत्या प्राण्याच्या, ते लिहिलं नव्हतं. मी विचारलं. मिश्राजी हसले. "मैडम, आप तो हर बात पर शक करती हैं. सब शुद्ध है." माझा प्रश्न शुद्धतेचा नव्हता. जे मांस खात नाहीत त्यांना मी पहिल्या इंजेक्शनच्या आधी स्वतः सांगत असे. दोघीजणी त्यामुळे परत गेल्या. डॉक्टर चिडले, पण मला थांबवलं नाही. गिरजाबाई म्हणाल्या, "मी मटण खातो, मले काय!" आणि दंड पुढे केला.

आता आमच्या धंद्यातली अडचण सांगते. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दिसतात फक्त हाडं. वरचं हाड आणि खालचं हाड यांच्यामध्ये काळी फट दिसते, आणि ती फट म्हणजे गादी असं आपण मानतो. फट मोठी तर गादी शाबूत, फट लहान तर गादी गेली. जे दिसत नाही त्याची जाडी मोजायची, असा हा कारभार आहे. झीज मंदावली की नाही हे ठरवायलाही दुसरं साधन नाही. आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि फूटपट्टी.

"हा एप्रिलचा, नागपूरचा," डॉक्टर बोटाने दाखवत होते. "हा आजचा, तुम्ही सकाळी काढलेला. आतली फट बघा. तेव्हा दोरा जाईना, आता नाडा जाईल!"

खरंच जाईल. मी फूटपट्टी लावली. फट दुपटीहून मोठी झाली होती.

"मंग कापाकापी नाई ना आता?" गिरजाबाईंनी विचारलं.

"कशाला कापाकापी? कळवून टाका नागपूरला, येत नाही म्हणून."

"उद्या दहा वाजता वखारीचा टरक जाऊन राहिला नागपूरले. डायव्हर त्या दवाखान्यावरूनच जाते. त्याच्याजवळ चिठ्ठी देतो." मग त्यांनी उजव्या गुडघ्यावर चापट मारली. "लय नखरे करून राहिला होता मेला. खाल्ल्या ना सुया? आता गुमान चाल."

डॉक्टर मनापासून हसले. ते वाईट नाहीत. अख्ख्या तालुक्यात हाडाचा डॉक्टर नसताना हा माणूस सगळ्यांचं सगळं बघतो. पण रविवारी छिंदवाड्याला मिश्राजींच्या कंपनीने डॉक्टरांची सभा ठेवली होती आणि तिथे आमच्या डॉक्टरांना बोलायचं होतं. त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं आणि ते मिळालं होतं.

गिरजाबाई निघाल्या. मी त्यांना दारातून बाहेर जाताना बघत राहिले. पाठमोऱ्या, डुलत, दोन गुडघ्यांच्या मधून एक संत्रं आरपार जाईल इतकी कमान. एप्रिलमध्ये होती तशीच. मी पुन्हा फिल्म बघितली. फिल्ममधला पाय जवळजवळ सरळ होता.

इंजेक्शनने गादी भरली असेल, मी नाही म्हणत नाही. पण गादी भरली तर पाय थोडा तरी सरळ दिसायला हवा, आणि तो फिल्ममध्ये सरळ होता, रस्त्यावर नव्हता.

माझा पहिला संशय मिश्राजींवर गेला. जुलैत ते एप्रिलची फिल्म 'साहबांना दाखवायला' म्हणून घेऊन गेले होते आणि आठवड्याने परत आणली होती. एखाद्या दुसऱ्याच बाईचा वाईट गुडघा आणून ठेवला असेल तर? दुपारी ते सभेसाठी फिल्म न्यायला आले तेव्हा मी सरळ विचारलं, "ही फिल्म तीच आहे ना?"

"मतलब?"

"मतलब जी नेली, तीच आणली का?"

त्यांचा चेहरा पडला. "मैडम, मेरे भी बाल-बच्चे हैं. ऐसा काम नहीं करता मैं."

"बाल-बच्चे सगळ्यांनाच असतात. फिल्म उद्या मिळतील."

ते डॉक्टरांकडे तक्रार करायला गेले. मी दोन्ही फिल्म डार्करूममध्ये नेल्या आणि दार लावून घेतलं. हाडाच्या कडेला झिजेमुळे काटे येतात आणि प्रत्येकाचे काटे वेगळे असतात. दोन्ही फिल्ममध्ये आतल्या कडेला चोचीसारखा एक काटा, त्याच जागी, तसाच वाकलेला. गुडघा गिरजाबाईंचाच होता. मिश्राजींनी काही केलं नव्हतं.

मग राहिलं नागपूरच्या फिल्मचं पाकीट. आम्ही पाकिटातून फिल्म काढतो आणि पाकीट कपाटावर टाकतो. वाचत कोणी नाही. मी ते उतरवलं. नाव, वय, तारीख, आणि खाली पेनाने लिहिलेलं होतं, 'दोन्ही गुडघे, उभ्याने, पायांवर भार देऊन.'

मी तशीच स्टुलावर बसले.

आमच्याकडे गुडघ्याचा फोटो झोपवून काढतात. टेबल आहे, पेशंट झोपतो, गुडघ्याखाली फिल्मची कॅसेट सरकवायची आणि बटण दाबायचं. माझ्या आधीचा माणूस तसंच करायचा, त्याने मला तसंच दाखवलं, आणि मी अकरा वर्षं तसंच केलं. झोपलेल्या गुडघ्यावर भार नसतो. भार नसला की हाडं सैलावतात आणि फट उघडते. उभं राहिलं की शरीराचं वजन येतं आणि खरी फट दिसते. नागपूरचा फोटो उभा होता, आमचा आडवा. गादी भरली नव्हती. बाई झोपली होती.

अख्खी दुपार मी मिश्राजींच्या खिशात चोर शोधत होते, आणि बटण माझंच होतं.

पण दुखणं? ते तर कमी झालं होतं. मी महिने मोजले. इंजेक्शनं जुलै ते सप्टेंबर. त्या काळात वखार बंद. एप्रिलनंतर गिरजाबाई उकिडव्या बसल्याच नव्हत्या. हंगाम सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पाकीट वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे औषध काम करत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. काम करतं की नाही, ते या फोटोंवरून कळत नाही, एवढंच."

"तिला बरं वाटून राहिलंय, बाई."

"बोरगावच्या आजोबांनाही वाटायचं."

"ती स्वतः खूश आहे. तुम्ही कशाला..." त्यांनी वाक्य सोडलं. "सकाळीच मी तिला सांगितलंय. आता काय तोंडाने फिरवू? रविवारनंतर बघू."

"चिठ्ठी उद्या दहाला जाते."

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी समजले की मला अडवणार नाहीत आणि मदतही करणार नाहीत.

साडेचारला मी वखारीत गेले. तणसाचा, सालींचा वास. वीसेक बायका ढिगाभोवती उकिडव्या बसलेल्या, आणि मध्ये गिरजाबाई, हातात दोन-दोन संत्री, बोलणं आणि निवडणं एकदम चाललेलं. मला बघून ओरडल्या, "याऽ बाई! सरका वं, फोटोवाल्या बाईले जागा द्या. संत्रं खाऽ."

"खाते. आधी बाजूला या."

"इथंच सांगा ना. मा गुडघा काय आता लाजते थोडीच."

मग तिथेच सांगितलं. सकाळचा फोटो चुकीचा होता, चूक माझी, फट वाढलेली नाही, किमान तसं म्हणता येत नाही. उद्या उभ्याने पुन्हा काढायचा आहे.

हात थांबले. आधी त्यांचे, मग बाकीच्यांचे.

"सकाळी डाक्टर बोलले ते खोटं?"

"त्यांनी माझा फोटो बघून सांगितलं. फोटो खोटा होता."

"फोटो खोटा का सुई खोटी?"

"सुईचं मला माहीत नाही. फोटोचं माहीत आहे."

"काऊन वं बाई," गिरजाबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांचं हळू बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं, "नागपूरवाले तुमाले काई देते का? पेशंट धाडला म्हणून?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. मला राग आला आणि लगेच गेलाही. मी मिश्राजींना दुपारी हेच विचारलं होतं, फक्त वेगळ्या शब्दांत.

"काही देत नाहीत. मला फोटो बरोबर काढायचा आहे."

"तुमाले फोटो बरोबर पाह्यजे, अन् मले पाय कापून घ्यायचा!"

"कापायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझ्या फोटोवरून ठरवू नका."

"मी येत नाई. जा तुमी. सहाची बस चुकन." त्या पुन्हा ढिगाकडे वळल्या. मोठं संत्रं लहानांत टाकलं, मग शिवी देत उचलून बाजूला ठेवलं. शेजारची तिशीतली एक बाई ते बघत होती. मला ते बघणं आवडलं नाही, आणि गिरजाबाईंनाही नसावं.

बसमध्ये मी आठवत होते की अकरा वर्षांत झोपवून काढलेल्या किती गुडघ्यांना 'फट चांगली आहे, काही नाही' असं सांगितलं गेलं असेल. तिगावची एक शिवणकाम करणारी बाई आठवली. दुखतं दुखतं म्हणायची, फोटो चांगला यायचा, आणि घरचे म्हणायचे की काम टाळते. तिला शोधायचा मी पुढे प्रयत्न केला. ती सासरचं गाव सोडून गेली होती, कुठे ते कोणी सांगितलं नाही.

त्या औषधाचं पुढे काय, असं वाचक विचारतील. त्यानंतर आम्ही सगळे गुडघे उभ्याने काढायला लागलो. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी काहींची फट वर्षाने तेवढीच होती, काहींची कमी झाली. न घेतलेल्यांचंही तसंच. आमच्याकडच्या मूठभर गुडघ्यांवरून काही ठरत नाही. मोठ्या ठिकाणी मोजत असतील. नवीन नावाची औषधं येतच आहेत आणि प्रत्येकाबरोबर दोन फोटोही येतात. मी आधी विचारते की पेशंट उभा होता की झोपला होता. अजून तरी एकाही प्रतिनिधीला तडक उत्तर देता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी पहिल्या बसने आले. छातीचे फोटो आम्ही उभ्यानेच काढतो, त्यामुळे उभा स्टँड होता. फक्त तो गुडघ्याइतका खाली येत नव्हता. मी तपासणीच्या टेबलाची लाकडी पायरी ओढत आणली आणि स्वतः वर उभी राहून पाहिलं. कॅसेट बरोबर गुडघ्याशी आली. अकरा वर्षं न केलेलं हे पाच मिनिटांचं काम होतं.

सव्वाआठला गिरजाबाई आल्या. बसल्या नाहीत.

"रातच्याला खाटेवर पाय पाहिले मी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "निजली का सरळ दिसते. उठली का वाकडे होते. तुमी सांगितलं नसतं तर मी पाह्यलंच नसतं. चढवा त्या पाटावर."

मी चढवलं. "दोन्ही पायांवर सारखा भार द्या. कशाला धरू नका."

"दुखून राहिलं."

"दुखू द्या. हललात तर पुन्हा काढावा लागेल."

पाच मिनिटं डेव्हलपर, मग पाणी, मग नवा हायपो. फिल्म ओलीच बाहेर आणली. आतल्या बाजूला फट नव्हती. हाड हाडावर टेकलेलं. बाहेरच्या बाजूची फट मात्र स्वच्छ, मोकळी.

"मिटली?" गिरजाबाईंनी विचारलं.

"आतली मिटली. बाहेरची आहे. नागपूरवाले म्हणत होते ती हीच."

त्यांनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. वखारीतल्या मुनीमाकडून लिहून घेतलेली. ती त्यांनी चार तुकडे करून माझ्या बादलीत टाकली. "त्या तिशीच्या भवानीले सांगतो, तीन महिने बस. चौथ्या महिन्यात उठवतो का नाई पाहा." मग दारातून वळून म्हणाल्या, "फोटो सुकला का द्या. गुरवारी मीच घेऊन जातो."

त्या गेल्यावर मी घड्याळ पाहिलं. डॉक्टर नऊला येतात, मिश्राजी त्यांच्या मागोमाग येणार होते. आदल्या दिवशीची फिल्म मी दिव्याच्या डब्यावर लावली, पांढऱ्या शाईची बाटली काढली आणि फटीच्या बरोबर खाली, खरवडून निघणार नाही अशा जाड अक्षरांत लिहिलं, 'झोपवून काढलेला.' खाली माझी सही केली आणि डब्याचा दिवा लावून ठेवला.